शेवटचं बोला

बाकोस, अलेक्झांड्रिया
३ नोव्हेंबर

चि. इन्शिराहस,
आबेह वगदीचे अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

तुझा हलावा पोचला. टपालखात्याने डबा चपटा केलाय, पण चव शाबूत आहे. फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून मला फोनवर ओरडावं लागतं, आणि मग माझ्या गुडघ्याची बातमी तुझ्याआधी खालच्या इस्त्रीवाल्याला कळते. मोबाइलवरच्या घराण्याच्या गटात तर बोलायची सोयच नाही. तिथे सकाळी सगळे एकमेकांना गुलाब पाठवतात आणि दिवसभर गप्प बसतात. आपलं हे टपालच बरं.

बातमी अशी की तुझ्या वहिनीचा, बहीगाचा नीश विकायला काढलाय. तेच ते जेवणघरातलं काचेचं कपाट, आतल्या चिनी मातीच्या अख्ख्या संचासकट. लग्नात आणलेला बारा माणसांचा संच, आणि त्यात आजवर एक घास कुणी खाल्लेला नाही. ती होती तोवर मी त्या कपाटाकडे पाठ करून बसायचो, समोर ती असायची. तिला जाऊन वर्ष झालं. आता समोर कपाट असतं. मी एकटा ताअमियाचे वडे खात असतो आणि बारा माणसांच्या बशा माझ्याकडे बघत असतात. असं कोण जेवेल?

ऑनलाइन बाजारात वस्तू टाकायला गेलो तर पहिलाच प्रश्न आला की एकच भाव हवा की लिलाव. मी लिलाव निवडला. मुदत महिन्याची घेतली, याहून मोठी नव्हती.

रिफअतना सलाम सांग. माया आहेच, ती टपालात हरवू देऊ नकोस.

तुझा,
आबेह वगदी

*

तांता
८ नोव्हेंबर

ती. आबेहस,
धाकट्या इन्शिराहचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लिलाव? आपल्या घरात? लिलाव होतो तो मेलेल्या माणसाच्या सामानाचा, नाहीतर बुडालेल्याच्या. तुम्ही दोहोंपैकी कोण आहात ते कळवा, म्हणजे त्याप्रमाणे कपडे घालून येते.

माझं ऐका. एकच भाव टाका. मनात असेल त्यावर थोडा चढवून लिहा, समोरचा उतरवणारच, आणि दोघंही जिंकल्यासारखं तोंड करून घरी जा. एवढं तर कांदे विकणाऱ्यालाही कळतं. लिलावात तुम्ही महिनाभर दार उघडं टाकून बसणार आणि येणारा जाणारा आत डोकावून जाणार. की तुम्हाला तेच हवंय?

त्या नीशचं म्हणाल तर माझ्या तरी काही लक्षात नाही. किल्ली वहिनीच्या कमरेला होती हे आठवतं. उघडलेला मी कधी पाहिला नाही. असो.

रिफअत बरे आहेत, म्हणजे टीव्ही चालू आहे. ते बोलतात ते मला ऐकू येत नाही, आणि दुसऱ्यांदा सांगायचा त्यांना कंटाळा. त्यामुळे आमचा संसार सध्या हातवाऱ्यांवर चाललाय. मीठ, चहा, दिवा बंद कर. याहून अवघड काही बोलायचं असलं तर आम्ही बोलतच नाही. सूनबाईने मला एक टॅब आणून दिलाय, भात भरलेल्या महशीचे नवे प्रकार बघायला. चाळीस वर्षं महशी वळणाऱ्या बाईला!

गरम कपडे घाला. रागावले असले तरी तुमचीच.

इन्शिराह

*

बाकोस
२२ नोव्हेंबर

चि. इन्शिराहस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे लिलाव मागे घेतला आणि एकच भाव टाकला. तासाभरात चौघे आले. सलाम नाही, कोण कुठले नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न: शेवटचं बोला. अगं, मी अजून पहिलंही बोललो नव्हतो! सुवेझच्या एकाला मी सविस्तर लिहिलं की हा संच बहीगाच्या वडिलांनी कसा निवडला, आगगाडीत तिने सूपचं भांडं मांडीवर धरून कसं आणलं, फलाटावर ते कसं निसटता निसटता वाचलं. सगळं वाचून तो म्हणाला की ठीक आहे, पण शेवटचं किती?

नंतर तेही यायचे थांबले. एकच भाव म्हणजे काय ते मला कळलं. माणूस दारातूनच आकडा वाचतो आणि जातो. पायरीवर टेकतसुद्धा नाही. म्हणून तुझा हुकूम मोडला आणि पुन्हा महिन्याचा लिलाव लावला.

आणि काय सांगू, गिऱ्हाईक मिळालं! अबू सामी म्हणून महल्ल्याचा कापडाचा व्यापारी आहे. रोज मगरिबच्या नमाजानंतर येतो, पन्नास पौंड चढवतो आणि एक प्रश्न विचारतो. गंमत म्हणजे बोली लावणारा तो एकटाच, त्यामुळे स्वतःच्याच बोलीवर चढवत बसतो. असे व्यापारी महल्ल्यात आणखी असतील तर त्या गावाचं काही खरं नाही. बरं, कपाटाची रुंदी त्याने अजून विचारलेली नाही. बहीगा ते पुसताना काय गुणगुणायची, हे विचारलं. किल्ली शेवटी कुठे सापडली, हे विचारलं. मी लिहीत बसतो. चहा तिथेच आणून ठेवतो, तो गार होतो.

काल दर हिवाळ्यातलं ते मकनसाचं वादळ झालं, समुद्र पार ट्रामच्या रस्त्यापर्यंत आला. वीज गेली. अबू सामीला वाटलं असेल की मी उत्तर द्यायचं टाळलं. सकाळी आधी त्याची माफी मागितली, मग दात घासले.

तू मात्र चार ओळी जास्त लिही. आठवण ठेव.

आबेह वगदी

*

तांता
२८ नोव्हेंबर

ती. आबेहस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुमच्या त्या व्यापाऱ्याबद्दल वाचलं. फारसा हुशार दिसत नाही. पण वीज गेली म्हणून कुणी माफी मागतं का? तो काही उपाशी नव्हता बसला. बसला असेल थोडा वेळ पडद्याकडे बघत, मग गेला असेल भाजी निवडायला.

परक्या माणसाला एवढं सगळं लिहू नये असं मी म्हणणार होते, पण म्हणत नाही. सूपच्या भांड्याच्या झाकणाला तडा आहे हे आधीच सांगून टाकलंत ते मात्र चांगलं केलंत. व्यवहार स्वच्छ असावा.

उजवा कान आता पूर्ण गेला. डॉक्टर बरंच काही बोलले, मी मान हलवली. लग्नाकार्यात मला कोपऱ्यात बसवतात आणि ताट भरून देतात, म्हणजे माझ्याशी बोलायला नको. टॅबची एक गोष्ट मला आवडली. तिथे कुणाला ओरडावं लागत नाही आणि मला कुणाला ‘काय म्हणालात?’ असं विचारावं लागत नाही. तिथे मी चांगली ऐकणारी बाई आहे. महशीच्या पाककृतींबद्दल म्हणतेय मी.

काळजी घ्या, आणि काळजी करू द्या.

इन्शिराह

*

बाकोस
७ डिसेंबर

चि. इन्शिराहस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

लिलावात दुसरं माणूस शिरलं आणि सगळा घोटाळा झाला.

कफ्र अद्दव्वारच्या तहानी म्हणून एक बाई आहेत, शाळेत मुलांचं जेवण रांधतात. मुलीचं लग्न ठरलंय. सगळं सामान जमलं, नीश तेवढा राहिला. नव्याच्या किमती ऐकून घेरी येते, आणि नीशशिवाय मुलगी पाठवली तर सासूबाई वरातीतच तोंड वाकडं करणार. बाईंनी बोली लावली. अबू सामीने पन्नास चढवले. बाईंनी चढवले, त्याने पुन्हा चढवले. असं आठवडाभर चाललं. शेवटी काल कासिम नावाच्या पुढच्या वादळात, भर पावसात, बाई स्वतः दारात उभ्या!

ओढणीने कपाट मोजलं आणि खुर्चीत बसून अबू सामीला अशा शिव्या घातल्या की मीच ओशाळलो. म्हणाल्या की त्या मुडद्याला पोरगी आहे का, नसेल तर बारा बशा काय कबरीत नेणार आहे? मला म्हणाल्या की बाबा, तुम्ही सज्जन दिसता, एकच भाव का नाही सांगून टाकत? मी एका बैठकीत तुमच्याशी भांडून मोकळी झाले असते. रोज संध्याकाळी थोडं थोडं मारता कशाला?

मी उठून चहा करून दिला. हात सवयीने स्वयंपाकघरातल्या काचेच्या ग्लासाकडेच गेला. नीशसमोर बसून, ग्लासातला चहा पिऊन, बाई भिजतच परत गेल्या.

आता तूच सांग, बाजार तुला माझ्याहून कळतो. अबू सामीला थांब म्हणू? थांबला तर तहानीबाईंचं काम होतं. पण मग मगरिबनंतर या घरात घड्याळ तेवढं बोलणार. नाही थांबला तर त्या बाईचं आणखी दोन महिन्यांचं रांधणं माझ्या करमणुकीत जाणार. सल्ला दे, आणि नेहमीसारखा खरमरीत दे.

आबेह वगदी

*

तांता
११ डिसेंबर

ती. आबेहस,
सलाम, वि. वि.

त्या बाईला तुम्ही स्वयंपाकघरातल्या ग्लासात चहा दिलात. मग ती माझ्याच पंगतीतली झाली.

बोलायचं नव्हतं, पण आता लिहितेच. लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हापासून मी दर सणाला तुमच्याकडे यायची. दर वेळी तोच जाड ग्लास, ज्याच्या कडेला टवका होता. तुमच्या ऑफिसातला साहेब येणार होता तेव्हा कप काढायचं ठरलं होतं. तो आला नाही, पण माझ्यासाठी कधी नुसतं ठरलंही नाही. तेव्हा वाटायचं की मी काय कमी आहे? वहिनी गेल्यावर मातीला आले तेव्हाही त्याच ग्लासात पाणी प्यायले, आणि ठरवलं की आता पुरे. म्हणून वर्षभर आले नाही. माझे गुडघे दुखतात असं कळवलं होतं ते खोटं नव्हतं, पण गुडघे याहून वाईट असतानाही मी यायचीच की.

तुमच्या व्यापाऱ्याला काही सांगू नका. तो उद्यापासून येणार नाही. व्यापारी कधी थांबतात ते मला कळतं. तहानीबाईंना भाव सांगा आणि मोकळे व्हा.

वाईट एवढंच की तुमच्या संध्याकाळी मोकळ्या पडतील. त्याच्याही पडतील, पण त्याचं काय एवढं? त्याच्या घरी टीव्ही आहे.

इन्शिराह

*

बाकोस
१९ डिसेंबर

चि. इन्शिराहस,
अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

नीश गेला. लिलाव बंद केला आणि तहानीबाईंना, तू आणि त्या पहिल्यांदा भिडण्याआधी जो आकडा होता, तोच एकच भाव सांगितला. त्यावरही त्या म्हणाल्या की शेवटचं बोला. मी रीतीप्रमाणे म्हटलं की राहू द्या, माझ्याकडून घ्या. त्यांनीही रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवला आणि पैसे मोजले. चार हमाल, एक गाढवगाडी, आणि जिन्यात अख्ख्या इमारतीचं मार्गदर्शन. भिंतीवर आता एक पांढरा चौकोन आहे. मी त्याच्यासमोर बसून जेवतो. तोही बघतो.

हो, ‘तू आणि त्या’ असंच लिहिलंय. पहिल्याच संध्याकाळी महल्ल्याच्या कापडवाल्याने मला लिहिलं होतं: ‘आबेह, झाकणाला तडा आहे का?’ आबेह! इन्शिराह, मोठ्या भावाला आबेह म्हणायची पद्धत मागच्या पिढीबरोबर गेली. आज मला तसं म्हणणारं एकच माणूस या देशात उरलंय, आणि ते महल्ल्यात कापड विकत नाही. बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू लाजली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी आली नसतीस.

कपांचं सांगतो. मी एकदा बहीगाला म्हटलं होतं की इन्शिराह आलीय, तिला तरी काढ. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली की कप पाहुण्यांना काढतात, ती का पाहुणी आहे? तिने तुला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असेल तर तुझ्या चुकीच्या कानाशी. मीही सांगितलं नाही. मला वाटायचं की तुला माहीतच असणार.

तहानीबाईंना विचारून दोन कप ठेवून घेतलेत. नवी जाहिरात टाकलीय, बघ. ‘चिनी मातीचा एक कप, न वापरलेला. लिलाव नाही. एकच भाव: स्वतः येऊन त्यात चहा प्यावा. टपालाने पाठवणार नाही. शेवटचं बोला असं विचारू नये.’

काल दिवसभरात तिघांनी विचारलं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
आबेह

*

तांता
२३ डिसेंबर

ती. आबेहस,
सलाम, वि. वि.

जाहिरात पाहिली. भाव फार आहे. कप ठेवून द्या, कधी साहेब आलाच तर लागेल. मला स्वयंपाकघरातल्या ग्लासात चहा द्या, तो टवक्याचाच. तेवढ्यावर येते. शेवटचं बोला.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघतेय. स्टेशनवर गर्दी असेल. हाका मारू नका, मला ऐकू येणार नाही. लिलावात करतात तसा हात वर करून उभे राहा. मी शोधून काढीन.

तुमची घरची,
इन्शिराह