सरदारच्या गोळ्या

कळसाडी, ता. शहादे
भाद्रपद, सन १९६४

तीर्थरूप मोतीलाल दाजींना रतिलालचा वाकून नमस्कार. ताईची कंबर आता कशी आहे? इकडे माणसं, बैल, केळी सगळं ठीक. तुमचा सरदारही ठीक आहे. (हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना जीव घाबरा व्हायला नको.)

धडगावात बिबट्या कुत्रे उचलतो म्हणून तुम्ही त्याला आमच्याकडे ठेवलंत. इथे बिबट्या नाही, पण उसात डासांचे ढग आहेत. सरदारचा भाऊ डासांपायीच गेला, त्याच्या काळजात शेवयांसारखे जंत निघाले, असं तुम्ही निघताना सांगितलंत. तेव्हापासून सौ. प्रमिलाने घरात शेवया केलेल्या नाहीत. जंत होऊ नयेत म्हणून रोज एक गोळी द्या, खंड पडू देऊ नका, हा तुमचा हुकूम.

पण सरदार भाकरी खायचा आणि गोळी बाजूला काढायचा. गुळात दिली, केळ्यात दिली, तेच. शेवटी त्याचा विश्वास बसावा म्हणून लाडू फोडून अर्धा मी त्याच्यासमोर खाल्ला, तर गोळी माझ्याच अर्ध्यात निघाली आणि पोटात गेली. (रात्रभर छातीवर हात ठेवून पडलो होतो.) पुढे तो मुकाट्याने लाडू गिळू लागला, मी निर्धास्त झालो. परवा झाडताना प्रमिला ओरडली, "खाटखाले देखा! लाडू खाई लिना, गोया सगळ्या आठेच शेतस!"

लाडू खाऊन सगळ्या गोळ्या त्याने खाटेखाली टाकल्या होत्या. लगेच एक द्यायला उचलली आणि हात थांबला. खंड पडला तर रक्त तपासल्याशिवाय देऊ नका, अंगात जंत असले तर गोळीच जिवावर बेतेल, असं तुम्हीच बजावलं होतं. द्यावी तरी भीती, न द्यावी तरी भीती. तशीच गाडी जुंपली.

शहाद्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी पायातून रक्त घेतलं. सरदार शांत उभा, मलाच बाकावर बसवावं लागलं. डॉक्टर सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत बराच वेळ बघत राहिले.

"शेवया दिसतात का हो?" मी विचारलं.

"कसल्या शेवया? रक्त स्वच्छ आहे. आजपासून गोळी सुरू करा. थंडीत पुन्हा आणा, हे जंत उशिरा कळतात."

"आणि मी खाल्ली ती?"

"हत्तीपायाला माणसंही हीच खातात. घरी जा."

(गाडीत बसल्यावर दोन्ही पाय नीट बघून घेतले.) आता प्रमिला जबडा उघडून गोळी मागे टाकते, गळा चोळते आणि तोंडात बोट फिरवून खात्री करते. तो तिला काही करत नाही.

आपला,
रतिलाल

ता. क. खाटेखालच्या गोळ्या वाया गेल्या. एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर नवी बाटली पाठवा, मोठी.

ता. क. दुसरा. दिवाळीत सरदारला न्यायला येणार म्हणालात. प्रमिला म्हणते, जरूर या, ताईलाही आणा, चांगले आठ दिवस राहा. साखळी तेवढी आणू नका.