सगुणाचं जांभळं लुगडं

पिंपरी,
डिसेंबर १९५६

प्रिय अक्कास,

धाकट्या ज्योतीरामचा ख्रिस्तात सलाम. थंडीत दाजींचा दमा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात ना? (कोल्ह्याने नेल्या असतील तर कळवू नकोस. यंदा आणखी कुणी गेल्याचं मला सोसणार नाही.) माझी तब्येत उत्तम. भाकरी मीच थापतो आणि मीच खातो, कारण दुसरं कोणी खाईलसं वाटत नाही.

नाताळाआधीच्या या आगमनकाळात तरी मन शांत कर, असं तू लिहिलंस. पाळकसाहेबही तेच म्हणाले : कारखान्यातून आलास की मेणबत्ती लाव, नुसता बस आणि प्रभूची वाट बघ. या दिवसांत चर्चमध्ये मेजावर जांभळं कापड घालतात, म्हणून मीही शोधलं. घरात जांभळं म्हणजे सगुणाचं नाताळचं लुगडं तेवढं. तेच पसरलं. पण शेजारचा इनायत ट्रकचा पत्रा ठोकत होता. त्याला विनवलं तर म्हणाला, "राव, तुम्ही बसा, मी हळू ठोकतो." (हळू ठोकलेलं जास्त ऐकू येतं. कारण पुढचा ठोका कधी पडतो इकडेच लक्ष राहतं.)

त्यात दूध घालायला येणाऱ्या दुर्गाबाईंनी दारातून पाहिलं. समोर मेणबत्ती, मेलेल्या बायकोचं लुगडं, आणि मी डोळे मिटून पुटपुटतोय. त्यांनी ठरवूनच टाकलं की, ज्योतीरामाला बायकोने धरून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन हजर. मागे इनायत, हातोडीसकट (कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही). बाईंनी माझ्यावरून नारळ उतरवला आणि लुगड्याला म्हणाल्या, "सगुणाबाई, लई गुणाची व्हतीस गं. पर आता धन्याला सोड. जा आपल्या वाटंनं."

आता मी त्यांना आगमनकाळ समजावून सांगायला हवा होता. बायबल शेजारीच होतं. पण मी दोन्ही हातांनी लुगडं दाबून धरलं आणि ओरडलो, "जाऊ नको म्हणा तिला!"

मेणबत्ती कलंडली. इनायतने ती हाताने विझवली आणि खाली बसला. मी खूप रडलो, अक्का. मातीच्या वेळीसुद्धा इतका रडलो नव्हतो. दुर्गाबाईंनी चूल पेटवली आणि आम्हा दोघांना पिठलं वाढलं. (मीठ जास्त होतं. मी बोललो नाही.)

प्रभूची वाट बघायला बसलो खरा, पण पावसाळ्यात ती गेल्यापासून मी तिचीच वाट बघतोय. हे पाळकसाहेबांना सांगू नकोस. बाकी मी मजेत आहे. यंदा करंज्या नाहीत, नाताळ नाही. दाजींना सोडून तू मुळीच येऊ नकोस.

तुझा,
ज्योतीराम

ता. क. लुगड्यावर मेण सांडलंय. न धुता कसं काढायचं? धुतलं तर तिचा वास जाईल.

आणखी ता. क. उपाय पत्रात लिहू नकोस. येऊन सांग. दाजींनाही घेऊन ये.