पुटपुटणारी आजी

गोर्ना लाका, १२ ऑगस्ट १९७१

चि. झोर्नित्सास,
कालिना मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं. तंबाखूची पानं ओवता ओवता आम्ही बायका रोज वाचतो. छान लिहितेस गं पोरी. पण एक खटकलं, राग मानू नकोस. तुझ्या पुस्तकातले पुरुष सांगतात, बजावतात, गरजतात. बायका नुसत्या पुटपुटतात नाहीतर मुसमुसतात. शेजारची रादका विचारत होती, आम्हाला काय घसे नाहीत?

आणि त्या तंबाखूच्या व्यापाऱ्यावर तुझे आजोबा कधी गरजले? ते टोपी हातात धरून भिंतीला टेकले होते. त्याने पाडलेला भाव नाकारला तो आईने, तुझ्या आजीने, चारचौघांत. आजोबा जेवताना उलटं सांगायचे आणि ती ऐकून घ्यायची. गेरोची बायको म्हणून गाव तिला गेरोवित्सा म्हणतं, ते म्हणू दे. तू तरी तिचं नाव घे. ऐंशी उलटली तिची.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

प्लोवदिव, १९ ऑगस्ट १९७१

ती. कालिना मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी फुगले, मग लाजले. आजोबांची गोष्ट मी आजोबांच्याच तोंडून लिहिली. ती पानं पुन्हा लिहायला घेतली आणि कपाळाला हात लावला, कारण आजीचं नाव मला ठाऊकच नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. संपादक पुढच्या शुक्रवारनंतर थांबायला तयार नाहीत. नाव तारेने कळव. तू होतीस म्हणून वाचले, मावशी.

रादकाच्या घशाला माझा नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझी झोर्नित्सा

गोर्ना लाका, ५ डिसेंबर १९७१

चि. झोर्नित्सास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. तार करायला गेले तेव्हा पोस्टातला आपला निकोलाच विचारत होता, ही स्तामेना कोण? लहानपणी रोज हिच्याच हातची भाकरी खायचा मेला.

काल रादकाने व्यापाऱ्याचं पान मोठ्याने वाचलं. आई आत लोकर कातत होती. ‘स्तामेना म्हणाली,’ एवढं रादकाने वाचलं आणि आतून आईने ओ दिली. साठ वर्षांत या घरात तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती. आमचे हात थांबले. चाती तशीच हातात घेऊन ती दारात आली, मला कोण बोलावतंय म्हणून विचारलं.

मी सांगितलं, तुझी नात.

देव तुझं भलं करो, पोरी. येत जा.
तुझी मावशी