स्मरणिकेत नसलेली रेताडी

१२ जुलै
गावपुढारी प्र. स्वतः घरी आला. (एक अक्षर पुरे. पूर्ण नावासाठी शाई खर्चायची नाही.) खुर्ची सोडून पलंगावर बसला, म्हणजे काम मोठं. रेताडीवरचं त्याचं मंगल कार्यालय तयार होत आलंय. पंधरा ऑगस्टला उद्घाटन, त्यानिमित्त स्मरणिका. "पंडितजी, डोंगरपेठचा इतिहास तुमच्याशिवाय कोन लिवणार? भूगोलबी टाका थोडा. डोंगर, घाट, हवा."

तीन वर्षांपूर्वी घाटातल्या कच्च्या संरक्षक भिंतीची बातमी मी दिली होती. भिंत याच्या मेहुण्यानं बांधलेली. यानं पेपरकडून माझं सदर बंद करवलं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मंचावर उभं करून माझ्याच तोंडून खुलासा वाचून घेतला. लोक हसले. पुढच्या पावसाळ्यात भिंत पडली, तेव्हा कोणी हसलं नाही. त्या दिवशी मंच नव्हता.

लगेच हो म्हणालो. सौ. चहाचा कप घेऊन दारातच थांबलेली. तो गेल्यावर: "काहून हो म्हटलं? तब्येत बरी हाय ना तुमची?"
उत्तम आहे.

१५ जुलै
सकाळी वरच्या तलावावर जाऊन आलो. इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे लिहायचं नाही असं चढतानाच ठरलं.

गाव दोन टेकड्यांमधल्या खिंडीत. खिंडीवर पहिला हक्क वाऱ्याचा नि पाण्याचा, माणसं मागाहून आली. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन लमाणांचे तांडे घाट चढायचे आणि वरून येणाऱ्या नाल्याकाठी उतरायचे. त्या मुक्कामातून पेठ झाली. पुढे वर तलाव बांधला, खाली नाला आटला, लोक विसरले. आता त्या पात्राला रेताडी म्हणतात. साऱ्या गावाखाली मुरूम आणि खडक, मग एवढ्याच पट्ट्यात रेती कुठून आली, असं कोणी विचारत नाही.

तलावाच्या सांडव्याचं तोंड सरळ रेताडीकडे. तलाव भरला की जादा पाणी तिथूनच उतरणार. मी तो कधी वाहताना पाहिलेला नाही. जुन्यांच्या सांगण्यात मात्र एकदा वाहिला होता, नेमका पोळ्याला, आणि तोरणाखाली सजवून उभ्या केलेल्या जोड्या घेऊन गेला. म्हणून पोळ्याचे बैल अजून रेताडीला वळसा घालून नेतात. कारण गेलं, वळसा राहिला. सांगणारे म्हातारेही गेले. सदरात हेच लिहिणार होतो, तेवढ्यात सदर गेलं.

म्हणजे आता हे मला एकट्यालाच माहीत. तलाव अर्धा गाळानं भरलाय, म्हणजे आता लवकर ओसंडेल, हेसुद्धा.

१९ जुलै
लेख झाला. खिंड, तांडे, मीठ, घाटाची वळणं, सीताफळं, पौषातली थंडी. भाषा अशी की प्र.ला अर्धी कळू नये आणि पूर्ण आवडावी. रेताडीचा परिच्छेद नाही. एकही वाक्य खोटं नाही.

पाठशाळेत पाठांतर म्हणताना ओळ चुकली तर आमचे गुरुजी नुसते डोळे वटारायचे. गाळली तर छडी. तेव्हा हा न्याय उलटा वाटायचा.

फार मोठं मागणं नाही. चातुर्मासात कार्यालय रिकामंच असतं. अशाच एखाद्या दिवशी त्या गुळगुळीत फरशीवर गुडघाभर गाळ यावा आणि प्र.नं चपला हातात घेऊन तो तुडवावा. मी काठावर उभा राहून बातमी लिहीन. आटोपशीर.

२ ऑगस्ट
प्र.चा फोन. "मस्त लिवलं. फक्त आमच्या बाबूजीचं नाव कुठंतरी टाका ना." त्याच्या वडिलांना मिठाच्या तांड्यात बसवणं काळाच्या हिशोबानं जड गेलं. शेवटी सीताफळांशेजारी जागा दिली. 'फलोत्पादनाचे आद्य प्रेरक.' त्यांनी आयुष्यात एक झाड लावलं, तेही शेजाऱ्याच्या बांधावर. असो. इतिहासाला सढळ हात लागतो.

१५ ऑगस्ट
उद्घाटन. शाल, नारळ, स्मरणिका. महागावहून पाहुणे आलेले. प्र. माइकवर: "पंडितजी आमचे विरोधक, पन विद्वान मानूस!" टाळ्या. मी नम्रपणे हात जोडले. पायाखाली फरशी, फरशीखाली रेती. इतकं प्रसन्न बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

सौ.नं शाल उलटीपालटी करून पाहिली. "एवढं कायले हसून राह्यले?" म्हटलं, कापड चांगलं आहे.

१८ ऑगस्ट
गॅरेजवाला सलीम मिस्त्री पेढे घेऊन आला. त्या खुलाशाच्या दिवशी गर्दीतून मला ओढून, स्कूटरवर मागं बसवून घरी आणणारा हाच.

"भाऊ, शबानाचा निकाह पक्का झाला. एकतीसले, इतवारी. नेरची पार्टी हाय, शरीफ लोक. आन् हॉल त प्र.भाऊनं फुकट देऊन टाकला!"

पेढा तोंडातच राहिला. चातुर्मास माझा आणि प्र.चा. सलीमचा नव्हे. एवढा साधा हिशोब सुटला. नगरपंचायतीची निवडणूक जवळ आली, हॉल रिकामा पडलाय, प्र. फुकट देणारच.

म्हटलं, शाळेचं पटांगण काय वाईट? "पावसात, भाऊ? पाहुन्याले छत्रीखाली बिर्याणी वाढू का?" आणि हसला. मीही हसलो. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग लेखात काहून नाही लिवलं?

आकाश स्वच्छ आहे. बघू.

२२ ऑगस्ट, पोळा
प्र.ला हौस, की बैलजोड्या यंदा त्याच्या नव्या कमानीखालून जाव्यात. फोटोवाला आणून ठेवलेला. सगळ्यात पुढे रामजी पाटलांची जोडी. रामजी कमानीसमोर थांबले.
"रीत हाय भाऊ. बैल तिकडून जात नाही."
"काहून पन?"
"मले काय माहीत? बैलाले विचारा."
लोक खदखदले. प्र. तापला, माइक घेऊन माझ्याकडे वळला. "हे पाहा, इतिहासाचार्य उभेच हायेत. पंडितजी, सांगा बरं, हाय का काही आधार या रीतीले? का नुसतं खूळ?"

माइक माझ्या तोंडाशी. सलीम शेजारी उभा. एक वाक्य पुरलं असतं. ते सांगितलं असतं, तर प्र. वाचला असता.

"आधार सापडत नाही," म्हणालो.

रामजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कासरा ओढला आणि जोडी वळवली. बाकीचे बैल त्यांच्यामागे. फोटोवाल्यानं रिकाम्या कमानीचा फोटो काढला.

बाबूजींची सीताफळं सोडली तर लेखात एकही वाक्य खोटं नव्हतं. आज खोटं बोललो. पुरणपोळी गोड लागली नाही. सौ.ला म्हटलं, जायफळ कमी पडलं. तिला पटलं नाही.

२८ ऑगस्ट
तीन दिवस संततधार. गणपती बसले, मंडपावर ताडपत्र्या. तलावावर गेलो. पाणी सांडव्याच्या कडेपासून वीतभर खाली. कडेवर एक बगळा उभा होता, निवांत.  

२९ ऑगस्ट
गॅरेजवर जाऊन सलीमला सगळं सांगितलं. नाला, सांडवा, पोळ्याचे बैल, गाळलेला परिच्छेद. तो पान्ह्यानं एक नट पिळत होता. पिळतच राहिला.
"पोळ्याले मी तुमच्या बाजूलेच उभा होतो, भाऊ."
"हो."
"दुश्मनी तुमची त्याच्याशी, आन् पोरगी माझी?"
 

मग त्यानं एकेक अडचण मोजून दाखवली. पत्रिका वाटून झाल्या. नेरहून दोन बसा निघणार. आणि गॅरेजची जागा प्र.ची, त्याला नाही म्हणायचं तर सामान रस्त्यावर. "पाहतो," म्हणाला. चहा सांगितला नाही. त्याच्या दुकानात असं पहिल्यांदा झालं.

३० ऑगस्ट
प्र.कडे गेलो. मी! त्याच्या ओट्यावर, भिजलेला. सांगितलं: लग्न शाळेत हलवा, तुमचं नाव तेवढंच मोठं होईल, पण रेताडीवर नको. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, आणि मला (इथं लपवून काय करू) आत गार वाटलं. मग त्यानं स्मरणिका उघडून समोर धरली.
"हे कोनी लिवलं?"
"मी."
"यात कुठं हाय नाला? पोळ्याले साऱ्या गावासमोर काय म्हनले तुमी?"
त्यानं स्मरणिका मिटली.
"निवडनूक आली तसा तुमाले नाला दिसून राह्यला. मुसलमानाचं लग्न माझ्या हॉलात होऊन राह्यलं, हेच दुखून राह्यलं ना पोटात?"

आत त्याची चार माणसं बसलेली. संध्याकाळपर्यंत हे वाक्य सलीमच्या गल्लीत पोचलं असेल. पेरायचं कसं हे मी प्र.कडून शिकायला हवं होतं. बातमीदार म्हणून तो माझ्यापेक्षा वरचढ निघाला असता.

सौ.ला आज सगळं सांगितलं. तिनं ती शाल घडी करून कपाटातून काढली आणि पायपुसण्याच्या जागी टाकली.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळ
पाऊस थांबलेला नाही. सलीमचा फोन बंद. घरी निरोप पाठवला, तर त्याच्या बायकोनं दार उघडलं नाही. मघाशी बिर्याणीचे डेग घेऊन टेम्पो आमच्या दारावरून खाली गेला. पुढं फाट्यावर उजवीकडे वळला की शाळा, डावीकडे रेताडी. फाटा इथून दिसत नाही.

खरं तेवढं लिहितो. प्र.च्या फरशीवर गाळ बघायची इच्छा अजून गेलेली नाही. पाणी यावं असंच वाटतं. आणि त्याच दमात, येऊ नये. असं मागणं कुठल्या देवापुढं नि कुठल्या भाषेत मांडावं, ते आम्हाला शिकवलं नाही.

सांडव्यावर निघालोय. पाणी कडेवर आलं तर खाली फोन करीन. सलीमचा नाही लागला तर रामजींना, नाहीतर मशिदीत, नाहीतर प्र.लासुद्धा. सौ. म्हणते, मी बी येते. वर रेंज मिळते का, आठवत नाही.