मास्टरची मुलगी

प्रिय बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' घालायचं असं शाळेत शिकवलं होतं, आणि तुम्ही परदेशात होतात तेव्हा मी ते इमानेइतबारे घालत आले. आज मुद्दाम 'प्रिय' लिहिलंय. तीर्थरूप म्हटलं की वाकणं आलं, आणि आज वाकायची माझी अजिबात तयारी नाही. मी तुमच्यावर रागावले आहे. राग म्हणणंही तसं सभ्यपणाचं झालं, खरं म्हणजे माझ्या पोटात दुखतंय. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई असलेली बाई हॉटेलच्या खोलीत बसून एका परक्या बाईवर जळते आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात. फोन केला असता, पण तुम्ही "बरी आहेस ना? ठेवतो" म्हणून ठेवून दिला असतात. म्हणून हा खटाटोप. या कागदांचे फोटो तुमच्या धाकट्याला पाठवते, तो तुम्हाला मोठे करून दाखवेल.

तशी सहल छान चाललीये. तुमच्या जावयांनी गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं तेव्हा वाटलं होतं, आपण एकट्या कशा जाणार. पण एकट्या बाईशी लोक फार बोलतात हो. बसमध्ये एका म्हातारीनं मला न विचारता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि उतरताना माझ्याच गालावरून हात फिरवून गेली. मी चुकीच्या गाडीत चढले तर तिकीट तपासनीसानं माझी बॅग स्वतः उचलून मला समोरच्या गाडीत नेऊन बसवलं, आणि मग त्याची स्वतःची गाडी सुटली म्हणून दोघंही हसत सुटलो. हे सगळं तुम्हाला घरी आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही पेपरमागून "हं" म्हणाला असतात, तेही मला चाललं असतं.

पण मध्येच नकाशात तुमचं ते नोकरीचं गाव दिसलं. वाटेवरच होतं. सहा वर्षं तुम्ही इथल्या कपड्यांच्या फॅक्टरीत मशीन दुरुस्त करत होतात. मी नऊ वर्षांची असताना गेलात आणि दहावीत असताना परत आलात. तिथं कसं होतं विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "तिथं काय, काम आणि झोप." सहा वर्षांचा हिशोब तीन शब्दांत. म्हटलं, बघू तरी ते काम आणि ती झोप. फॅक्टरीच्या दारात उभं राहून एक फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढं जायचं, इतकाच बेत होता.

फॅक्टरी आता नाही. तिथं फर्निचरचं गोदाम आहे, पण दारावरचा वॉचमन तोच आहे. निदान त्याचं म्हणणं तसं. तोंडात एक दात, अंगावर तेव्हाचाच वाटावा असा कोट. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की इथं माझे वडील मशीनवाले होते, तर तो खुर्चीतून उठला आणि चालून दाखवायला लागला. बाबा, हुबेहूब तुम्ही! डावा खांदा खाली, हात मागे बांधलेले. मग त्यानं दोन्ही गाल फुगवून शिट्टीवर कसलीतरी चाल वाजवली आणि पोट धरून हसला. म्हणे मास्टर, म्हणजे तुम्ही, सकाळी आत शिरायचे तेच शिट्टी वाजवत, आणि बायका आपापल्या मशीनवर तीच चाल गुणगुणायला लागायच्या. तुम्ही शिट्टी वाजवता हे मला आज कळलं. आईला तरी माहीत आहे का हे? मी म्हटलं, मी त्यांची मुलगी. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि ठामपणे मान हलवली. म्हणाला, छे, मास्टरची मुलगी मी चांगली ओळखतो. कोपऱ्यावर तिचं दुकान आहे.

पुढचं लिहिते, पण हा भाग आईला वाचून दाखवू नका. त्या कोपऱ्यापर्यंत जाताना माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. डोकं भराभर वर्षांची वजाबाकी करत होतं. दुकान लहानसं, बाहेर जुन्या शिलाई मशीनची चाकं रचून ठेवलेली. आत माझ्याहून थोडी लहान एक बाई, केस वर बांधलेले, पुढ्यात एक मशीन. तिनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं होतं, त्याची मूठ कानाला लावली होती, आणि डोळे मिटून चाक हळूहळू फिरवत होती. तुमच्याशिवाय असं ऐकणारं माणूस मी आजवर बघितलेलं नाही. मी काहीतरी बोलायला गेले तर डोळे न उघडता तिनं एक बोट वर केलं आणि म्हणाली, "ऐक आधी." अहो, मराठीत! स्वच्छ मराठीत! तुमच्याच आवाजातल्या दटावणीसकट.

तुम्हाला शंका येण्याआधीच सांगते, माझ्या शंकेचं लगेच निरसन झालं. ती तुमच्या घरमालकिणीची मुलगी. तुम्ही तिथं मागच्या खोलीत राहायला आलात तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिचा बाप त्याच्या आधीच बोटीवर वारला होता. माझा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ टिकला नाही. मी कोण ते कळल्यावर तिनं मला मिठी मारली, आतल्या खोलीतून आपल्या म्हाताऱ्या आईला हाक मारली, आणि दोघी एकदम बोलायला लागल्या, मुलगी तुमच्याकडून शिकलेल्या मराठीत आणि म्हातारी मोडक्या इंग्रजीत. शाळा सुटली की ती फॅक्टरीत तुमच्या बाकाशी येऊन बसायची. आधी तुम्ही तिला नुसते स्क्रू निवडायला दिलेत. मग तेल घालायला. मग एक मशीन पूर्ण खोलून मांडायला लावलंत आणि म्हणालात, आता तूच जोड. ती रडली, तुम्ही हसलात, तिला खांद्यावर घेऊन घरी आलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मशीन पुढ्यात ठेवलंत. म्हातारी म्हणते, तुम्ही इतके बोलायचात की तिला कधीकधी सांगावं लागायचं, बाबा रे, आता झोप.

मी हसून ऐकत होते. चेहरा हसरा ठेवायची सवय बँकेच्या काउंटरनं लावली आहे. आत मात्र नुसता जळफळाट चालला होता. तुम्ही परत आल्यावर दर रविवारी कॉलनीतल्या कुणाचं ना कुणाचं मशीन आपल्या व्हरांड्यात उघडलेलं असायचं, आठवतं? धाकट्याला तुम्ही हाका मारमारून बोलवायचात आणि तो बॅट घेऊन मागच्या दारानं पळायचा. मी तिथंच उभी असायची. मला तुम्ही टॉर्च दिलात. "नीट धर, हात लावू नकोस, काळे होतील, तुला अभ्यास आहे." किती रविवार मी तो टॉर्च धरला असेल! उजेड जरा हलला की ओरडा खायचा. एकदाही म्हणाला नाहीत की ये, तू बघ. मला वाटायचं, मुलीला हे काम शिकवत नसतील. आज कळलं की शिकवतात, फक्त मुलगी दुसरी लागते.

ती बाई वाईट नाही, हा आणखी एक ताप. वाईट असती तर मला सुटसुटीत झालं असतं. बोलता बोलता तिनं सरळच सांगितलं की लहानपणी ती माझा अतोनात राग करायची. मला दहावीत कावीळ झाली, आईनं फॅक्टरीत फोन केला, आणि तुम्ही हातातलं काम टाकून निघालात. तिला वाटलं, आठवड्यात याल. ती रोज बाकाशी जाऊन बसायची. तुम्ही आलाच नाहीत. "तुझ्यामुळे गेला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मला वाईट वाटायला हवं होतं. बाबा, मला आनंद झाला. भर दुकानात, तिच्या हातचा चहा पिताना, मला मनातल्या मनात जिंकल्यासारखं वाटलं.

आणि त्याच भरात मी तोंडावर आपटले. दुकानाच्या एका कोपऱ्यात काजं शिवायचं एक जुनं मशीन आहे. फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिनं भंगारातून उचलून आणलेलं. सगळ्या प्रकारची मशिनं ती दुरुस्त करते, लांबलांबून लोक येतात, पण हे एक तिला जमत नाही. काजाभोवतीचे टाके घालून पूर्ण झाले की मग सुरीनं खाली येऊन मधलं कापड कापायचं, तर याची सुरी एक टाका आधीच पडते आणि दोरा कापते. तुम्हीच ते लावायचात, दुसऱ्या कुणाला येत नसे. तिला तुम्ही ते दाखवणार होतात, तेवढ्यात आईचा फोन आला. तिनं मला विचारलं, तुला शिकवलं असेल ना त्यांनी? आणि मी, जिला साधी सुई ओवताना तीनदा दोरा ओला करावा लागतो ती मी म्हणाले, हो तर! मला सगळं शिकवलंय. काजाचं तर आधी.

तिनं लगेच मशीनवरचं कापड काढलं, दिवा ओढला, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, वाचायचा चष्मा हॉटेलवर राहिला, त्याशिवाय मला बारीक दिसत नाही. चष्मा माझ्या गळ्यात लटकत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्क्रूड्रायव्हर परत घेतला. म्हातारीनं मात्र तोंड फिरवून खोकल्याचा बहाणा केला. मग मुलगी म्हणाली, परवा दुकान बंद असतं, सकाळी सावकाश ये, चष्मा घेऊन. जाताना तिनं तुमचा नंबर मागितला. एकदा आवाज ऐकायचाय म्हणाली. मी सांगितलं, त्यांना नीट ऐकू येत नाही. ते खरंच आहे, पण मी त्यासाठी सांगितलं नाही. नंबर परवा देते म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळची गाडी मी जाऊ दिली. पुढच्या गावचं हॉटेल रद्द केलं. आता खरं कारण लिहिते, कारण ते न लिहिता कागद संपत आलाय. तुम्ही तिला का शिकवलंत आणि मला का नाही, हे मी विचारणार नाही. तुम्ही "हं" म्हणाल आणि मला ते या वेळी सोसायचं नाही. मला उत्तर नको, काजाचं मशीन हवंय. धाकट्याला समोर बसवा, तो फोन धरेल. त्याला आता पळायला जागा नाही. सुरी कुठल्या स्क्रूनं मागे घ्यायची, आधी काय सैल करायचं, कशाला मुळीच हात लावायचा नाही, सगळं सांगा. हात थरथरत असले तरी कागदावर काढून दाखवा, मला तुमच्या वाकड्या रेघा कळतात. मला समजलं नाही तर पुन्हा सांगा. मी रडले तरी पुन्हा सांगा. उद्याचा सगळा दिवस मी या खोलीत फोन घेऊन बसणार आहे, कुठंही फिरायला जाणार नाही. परवा सकाळी मी तिच्यासमोर ते मशीन लावेन, आणि त्यानंतर तुमचा नंबर तिला देईन, वचन. मग तिच्याशी हवं तितकं बोला, शिट्टी वाजवा, काय वाटेल ते करा. पण बाबा, हे एक आधी मला शिकवा.

तुमचीच,
थोरली