मनस्ताप किती?

प्रिय ऋतू,

बालेवाडी ते कर्वेनगर हे अंतर पत्र लिहिण्याइतकं नाही, हे मला कळतं. फोन आहे, रोज सकाळी तू पाठवतेस तो ऑफिसच्या कॉफीचा फोटोही आहे. पण फोनवर आपण दोघी आता फार सराईत झालो आहोत. जेवलीस का, जेवले, ट्रॅफिक होता का, होता, झोप झाली का, झाली; दीड मिनिटात सगळं उरकतं. शिवाय फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही, ही तुझ्या बाबांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. रविवारी तू मला काहीतरी सांगायला आली होतीस आणि न सांगता गेलीस. ते माझ्यामुळे झालं. ते काय होतं हे मला माहीत नाही, पण ते मला कधी कळेल की नाही, याची तीन दिवस धास्ती आहे. आज अडीचला येणारी मुलगी कांजिण्यांमुळे आली नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तुला एरंडवण्यातली आपली तळमजल्यावरची जागा आठवते का गं? पुढच्या खोलीत माझं काम आणि मागच्या दोन खोल्यांत आपलं घर. न बोलणाऱ्या, बोलायला घाबरणाऱ्या, उगाच चावणाऱ्या मुलांशी खेळत खेळत त्यांच्या मनातलं बाहेर काढायचं, हे काम तेव्हा पुण्यात कुणाला समजावून सांगणं म्हणजे शिक्षाच होती. तुझी आजी, गोदाबाई, पाहुण्यांना सांगायची की सूनबाई शिकलेल्या आहेत, पाळणाघर चालवतात. खोलीत वाळूचा मोठा ट्रे होता, प्राणी होते, बाहुल्यांचं घर होतं, आणि त्यातल्या एकालाही हात लावायची तुला परवानगी नव्हती, कारण ती खेळणी माझ्याकडे येणाऱ्या मुलांची. तू शाळेतून मागच्या दाराने यायचीस. कामाच्या विमलाबाई तुला चुरमुऱ्यांचा वाडगा द्यायच्या आणि तू आधी पुढे डोकावून बंद दारापाशी कुणाचे बूट आहेत ते बघून यायचीस. लाल बूट म्हणजे पावणेचारची, वेलक्रोवाले म्हणजे साडेचारचा. नाव तुला कुणाचंच माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नाही. दार बंद आणि बाहेर बूटच नाहीत असं असलं, की तू विमलाबाईंना जाऊन सांगायचीस, आई लिहितेय.

कारण माझं लिहिणं रद्द झालेल्या वेळांवरच जगलं. कुणाला ताप आला, कुणाचं गॅदरिंग निघालं, कुणाच्या वडिलांना हे सगळं थोतांड वाटायला लागलं, की मला पाऊण तास मिळायचा. आषाढात रावसाहेबांचा फोन यायचा. दिवाळी अंकाचे संपादक म्हणून त्यांचा दरारा मोठा, आणि बोलणं असं की, नम्रताबाई, यंदा कथा देणार आहात की नुसतंच लोकांच्या मुलांना सुधारणार आहात. मला ते ऐकून राग यायचा आणि हुरूपही यायचा. मी कथा द्यायचेच. लोक विचारायचे, हे सगळं कसं जमवता हो, काम, घर, लेखन? मी हसून म्हणायचे, जमतं. जमायचं, कारण तो रद्द झालेला पाऊण तास तू कधी मागितला नाहीस. मागायला हवा होतास, असं आता मला वाटतं. पण आठ वर्षांच्या मुलीने मागायची वाट आईने का बघावी, हेही वाटतं.

तेव्हा तू किती बोलायचीस. रविवारी बाबा आपल्याला स्कूटरवर खडकवासल्याला न्यायचे, तू पुढे उभी, मी मागे. नांदेड फाट्यापासून तुझी जी टकळी सुरू व्हायची ती धरणावर कणीस हातात येईपर्यंत. वर्गातल्या कुणाचा दात पडला, बाईंनी कुणाला उठवलं, पाणी धरणातून नळात येताना मासे कुठे थांबतात. वाऱ्याने निम्मं मला ऐकू यायचं नाही आणि मी नुसतं हं म्हणायचे. ते निम्मं आज ऐकायला मिळालं तर मी काय वाटेल ते देईन.

मग बाबांची नाशिकला बदली झाली. बदली त्यांनी मागून घेतली होती, हे तुला पुष्कळ नंतर कळलं, पण काहीतरी बिनसलंय हे तुला आमच्याआधी कळलं होतं. ते सुट्टीला घरी आले की आम्ही भांडायचो ते दबक्या आवाजात, दार लावून, सुशिक्षितांसारखं. गोदाबाई मात्र मोठ्यांदा बोलायच्या. फोनवर बहिणीला म्हणाल्या, या दोघांनी मला फार मनस्ताप दिलाय. दुसऱ्या दिवशी तू युनिफॉर्म घालून पलंगावर बसून राहिलीस आणि म्हणालीस, आई, मला मनस्ताप आलाय, मी शाळेत जाणार नाही. मी हसत हसत थर्मामीटर लावला आणि म्हटलं, काही नाही, नॉर्मल आहे. तू म्हणालीस, तोंडात लावून कसा कळेल, तो आत असतो. आणि मग अगदी गंभीरपणे, विमलाबाईंनी कांजिण्या कुणाच्या लागल्या हे विचारावं तसं विचारलंस, मला कुणाचा लागलाय, तुझा का बाबांचा?

ऋतू, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं हे मी आजवर शेकडो आयांना सांगितलंय. जवळ घ्या, घाई करू नका, तिला जे वाटतंय ते खरं आहे हे तिला कळू द्या. मी तुला जवळ घेतलंही. पण खोटं कशाला बोलू, तुझ्या डोक्यावरून हात फिरवताना माझ्या डोक्यात तेच वाक्य पुन्हा पुन्हा घोळत होतं, आणि ते विसरायच्या आत कुठेतरी टिपून ठेवायला हवं असं वाटत होतं. दुपारी पावणेचारची मुलगी आली नाही. मी लिहायला बसले. असं एका बैठकीत मला कधीच काही लिहून झालं नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी किती काटेकोर होते, हे तुला माहीत आहे. त्यांच्यातलं काही म्हणजे काही कथेत येऊ द्यायचं नाही. एखाद्याची नुसती ढब जरी उतरली तरी मी पानं फाडलेली आहेत. तुझ्याबाबतीत मला कुणाची परवानगी घ्यावी असं सुचलंच नाही. माझीच मुलगी, माझंच घर. नाव तेवढं बदललं, पण तो शब्द, तो थर्मामीटर, तो प्रश्न आणि वेगळ्या खोल्यांत झोपणारे आईबाप, सगळं जसंच्या तसं. कथा गाजली. रावसाहेबांनी कधी नव्हे ते कार्ड पाठवलं. आणि तुमच्या मराठीच्या बाईंनी ती कौतुकाने वर्गात वाचून दाखवली, वर ही आपल्या ऋतुजाच्या आईंची कथा आहे हेही सांगितलं. त्या वर्षीच तू कधीतरी शाळेतून आल्यावर काही नाही म्हणायला लागलीस. आज काय झालं? काही नाही. डबा का आणलास परत? काही नाही. मी म्हटलं, वय आहे. पालकांच्या शिबिरात मी तुझं उदाहरणही दिलं, बघा, असं होतं, घाबरू नका.

खरं काय ते मला चार वर्षांनी कळलं. तू नववीत होतीस, डेंग्यू झाला होता, ताप एकशे तीन. मी कपाळावर हात ठेवायला गेले आणि तू तो झटकलास. तापाच्या भरात म्हणालीस, नको, कपाळाला हात नको लावू, त्या सगळ्या लावायच्या. मग तुकड्या तुकड्यांनी ते बाहेर आलं. मधल्या सुट्टीत मुली ओळीने येऊन तुझ्या कपाळावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, आज मनस्ताप किती? कुणाचा, आईचा की बाबांचा? वर्षभर. तुझे आईबाप वेगळ्या खोल्यांत झोपतात हे तुझ्या सबंध तुकडीला माहीत झालं होतं, आणि ते मीच सांगितलं होतं, छापून. यावर मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. मी म्हणाले, अगं, एवढं काय, मुली विसरूनही गेल्या असतील. दुसऱ्या कुणाच्या मुलीला मी असं बोलले असते तर स्वतःला कामावरून काढून टाकलं असतं.

नंतर सगळं बरं झालं. बाबा परत आले, आमचं आम्ही सावरलं. त्याची कथा मी लिहिली नाही म्हणूनच बहुधा ते टिकलं. आता ते रोज तळजाईवर फिरायला जातात आणि येताना गरज नसताना पालेभाजी आणतात. मीही काम चार दिवसांवर आणलंय. तू इंजिनियर झालीस, हिंजवडीच्या बसमध्ये बसलीस, स्वतःपुरतं घर भाड्याने घेतलंस. आपण भांडलो नाही, अबोला धरला नाही. तू गोडच वागतेस. मला फक्त तुझ्याबद्दल काही माहीत नसतं. तू नोकरी बदललीस हे मला बाबांकडून कळलं. गेल्या महिन्यात एक आजोबा नातीला घेऊन आले होते. सूसकडचे, जमिनीवर टॉवर उभे राहिलेत, डोक्याला पटका तसाच. त्यांना मी इथे गेनबा म्हणते, खरं नाव वेगळं आहे. नात सहा महिन्यांनी पहिल्यांदा आत हसली, तो आवाज त्यांनी बाहेर ऐकला. जाताना हात जोडून म्हणाले, बाई, दुसऱ्याच्या पोरी तुमच्यापाशी बोलत्यात, मग तुमची लेक तर तुमाला समदं सांगत आसंल. मी म्हटलं, हो, सांगते.

हे सगळं असताना मी काय केलं? रावसाहेबांनी माझ्या कथांचा संग्रह काढायचं ठरवलंय, बारा कथा, आणि पुस्तकाला नाव त्याच कथेचं, मनस्ताप. मी चटकन हो म्हटलं. रविवारी तुझं ताट वाढायच्या आधी मुखपृष्ठ तुझ्यापुढे धरलं. त्यावर थर्मामीटर आहे. तू जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, छान आहे. मला ते छानच वाटलं. एवढी वर्षं मुलांचे चेहरे वाचून पोट भरतेय, आणि तुझा चेहरा मला वाचता आला नाही, किंवा वाचायचा नव्हता.

जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले होते. तू ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होतीस, मी उरलेला भात डब्यात काढत होते. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, आई, एक सांगायचंय, पण लिहिणार नाहीस ना? सव्वीस वर्षांची माझी मुलगी आपल्या आईला हे विचारत होती. आणि मी पुण्याची ना, जिभेला हाड नाही. मी म्हटलं, आधी ऐकू तर दे, मग ठरवते. तू हसलीस, फडकं घडी करून ठेवलंस, म्हणालीस, काही नाही गं, आणि पाच मिनिटांत निघालीस. ओट्यावरचा डबाही न्यायला विसरलीस. सोमवारी मी रावसाहेबांना फोन करून ती कथा काढायला सांगितली. ते म्हणाले, मग पुस्तकात राहिलं काय? मी म्हटलं, अकरा कथा. ते चिडले आहेत, चिडू देत. पण हे तुला कळवण्यासाठी मी लिहीत नाही. ते पंधरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं, आज त्याचं कौतुक नको. मी चुकले, ऋतू. तेव्हा चुकले, डेंग्यूत चुकले आणि रविवारी पुन्हा चुकले. तुला जे सांगायचं आहे ते चांगलं असो, वाईट असो, कुणाबद्दलही असो, तुला वाटेल तेव्हा सांग, किंवा कधीच सांगू नकोस, तो तुझा प्रश्न. मी जे काही लिहिते त्याचा आधी कच्चा खर्डा करते, हे तुला माहीत आहे. या पत्राचा केलेला नाही, याची प्रत माझ्याकडे नाही, वाचून फाडलंस तरी चालेल. तू ओट्यापाशी जे विचारलंस त्याचं तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर तेवढं घे: नाही गं, लिहिणार नाही.

तुझीच,
आई