खेळात टिपलेला फोन

प्रिय चावीवाल्या दोस्ता,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण पत्र फाडू नकोस. त्या दिवशी मोठी जलवाहिनी फुटली, इस्पितळ चार तास कोरडं राहिलं आणि सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. पाणी सोडायची-बंद करायची चावी काढून घेऊन तुला मीटर वाचायला धाडलं. त्याबद्दलच लिहितोय. पण आधी माझ्या लेकीचं कौतुक ऐकून घे, बापाला राहवत नाही.

लेक पाणीखात्यासाठी खेळ बनवते. हो, कॉम्प्युटरवरचा खेळ! पोरखेळाने कधी शहरं चालतात का, म्हणून मीही नाक मुरडलं होतं. पण तिने अख्खं शहर त्यात उतरवलंय. प्रत्येक टाकी, प्रत्येक नळ, अगदी कुठली चावी अडीच फेऱ्यांनंतर अडते तेसुद्धा. इंजिनिअर, चावीवाले, इस्पितळाची मेट्रन असे सगळे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात, ही बया मधेच जलवाहिनी फोडते आणि गंमत बघते. जो नियम खेळात टिकतो तोच कागदावर जातो. आपल्या वेळी उलटं होतं, आधी कागद आणि मग फजिती. पोरीने हे एकटीच्या हिमतीवर उभं केलं. खरंच ऊर भरून येतो.

गेल्या आठवड्यात तिने मला साहेबाच्या खुर्चीत बसवलं आणि माझाच जुना नियम खेळायला दिला: जलवाहिनी फुटली की आधी मोठी चावी बंद. मी ऐटीत बसलो. चाळीस मिनिटांत पडद्यावर इस्पितळाची टाकी रिकामी! पुन्हा खेळलो, तेच. तिसऱ्यांदा घाई केली तर पस्तीस मिनिटांतच. मग लेकीने नोंदी उघडल्या. खेळात प्रत्येक फोन टिपला जातो. चावीवर बसलेल्या नव्या मुलीने तिन्ही वेळा विचारलं होतं, की आधी पूर्वेच्या टाकीची जोडनळी उघडू का, म्हणजे इस्पितळाला तिकडून पाणी मिळेल. तिन्ही वेळा मी दटावलं होतं, की कागदात आहे तेवढंच कर. लेक रागावली नाही. चूक नियमात आहे आणि ती या मुलीला दिसत होती, एवढंच म्हणाली. मी मात्र ती नोंद पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

कारण तो फोन सगळ्यात आधी तू केला होतास. हेच विचारलं होतंस आणि मी हेच उत्तर दिलं होतं. जोडनळी का उघडली नाहीस, म्हणून चौकशीत तुलाच धरलं. तू फोनचं सांगत राहिलास आणि मी, नोकरीच्या भीतीने, मूग गिळून बसलो. काल खात्याला हे सगळं लेखी दिलंय, माझ्या सहीनिशी. प्रत सोबत आहे. आधी जोडनळी, मग मोठी चावी हा तुझा नियम सोमवारपासून लागू होतोय. माफ कर, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, तरी म्हणतो. लेकीला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ते काका आता कसे आहेत. म्हटलं, पत्रात विचारतो. कसा आहेस रे?

तुझाच, अजून म्हणवून घेत असशील तर,
साहेब